मीठ लावून हेल्मेट 'जुनं' करायला गेलो आणि ते खरंच गंजलं

ओहायोकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय आणि तोही स्वतःच्या फजितीचा, तेव्हा सांभाळून घ्या.

इथे एरी सरोवराच्या काठी कॉनिऑट नावाचं गाव आहे, तिथे दर ऑगस्टमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या लँडिंगचा खेळ होतो. खेळ म्हणजे अगदी साग्रसंगीत, बोटीतून उतरायचं, वाळूतून पळायचं, खोटी काडतुसं, धूर, आणि दोन्ही बाजूंचे गणवेश बटणापर्यंत बरोबर. ऑफिसातल्या एकाच्या नादाने मी गेलो आणि अडकलो. आमचा गट अमेरिकेच्या २९व्या इन्फंट्री डिव्हिजनचा, ६ जून १९४४ला ओमाहा बीचवर उतरलेले ते.

तर हेल्मेट. खरं युद्धकाळातलं एम१, म्हणजे अमेरिकन सैनिकांचं स्टीलचं हेल्मेट, घेऊन वाळूत लोळायची माझी ऐपतही नाही आणि हिंमतही नाही. म्हणून युद्धानंतर युरोपातल्या सैन्यांनी त्याच आकाराची बनवली होती त्यातलं एक घेतलं, ह्यांना इकडे युरोक्लोन म्हणतात. रंग बेकार हिरवा होता, तो काढला, ऑलिव्ह ड्रॅब (लष्करी मातकट हिरवा) मारला. मग डोक्यात आलं की जरा वापरलेलं दिसावं. यूट्यूबवर एक जण मॉडेलच्या रणगाड्याला खडेमीठ चिकटवून वरून रंग मारतो, मग मीठ खरवडतो, आणि खाली गंज दिसतो असं मस्त काहीतरी होतं. मी तेच केलं. वर काठाला सगळीकडे चंदेरी रंग कोरड्या ब्रशने घासला. त्या दिवशी इतकं भारी दिसत होतं की बायकोला तीनदा दाखवलं.

दोन आठवड्यांनी कपाटातून काढलं तर सगळ्या टवक्यांच्या कडेने रंगाला फुगे आणि खालून नारिंगी पाणी सुटलेलं. कपाटातल्या पांढऱ्या टॉवेलवर गोल डाग. टॉवेल कोणाकडचा आहे ते विचारू नका, सासूबाईंनी दिलेला सेट होता.

पण खरा घाव पुढेच बसला. आमच्या गटाचा सार्जंट आहे, एरवी प्लंबर आहे माणूस, त्याने हेल्मेट हातात घेतलं, फिरवलं आणि म्हणाला हे ऐंशी वर्षं माळ्यावर पडलेलं वाटतंय, ज्याचं आहे तो पोरगा तर अजून बोटीतून उतरलेलाही नाहीये. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. आता पहिल्यापासून करायचंय. गंज कसा थांबवू आणि नीट कसं रंगवू?

---

डेन्टिंगपेंटिंग

ओंकार म्हणू का ओहायोकर म्हणू, असो. मी नाशिकला गाड्यांचं काम करतो, हेल्मेट कधी रंगवलं नाही पण पत्रा तो पत्रा.

मीठ पाण्याने धुतलं म्हणजे गेलं असं नसतं रे भाऊ. ओरखड्यात, काठाच्या पट्टीखाली, जिथे जोड आहे तिथे ते बसतं आणि हवेतलं पाणी ओढत राहतं, वरून तू रंग मारलास म्हणजे त्याला घरच करून दिलंस. कोकणातल्या गाड्या येतात ना आमच्याकडे, त्यांचं हेच दुखणं. वरून टचअप करू नकोस, पैसे वाया. सगळा रंग काढ. रिमूव्हर लाव, प्लास्टिकच्या पिशवीत अर्धा तास बांधून ठेव म्हणजे सुकत नाही, मग खरवड. गरम पाणी आणि भांड्याचा साबण, दोनदा. मग फॉस्फरिक ॲसिडवालं गंजाचं लिक्विड मिळतं ते लाव, काळं पडेल, पुन्हा धू, हेअर ड्रायरने जोडाच्या फटीत हवा मार. आणि त्याच दिवशी प्रायमर. दुसऱ्या दिवसावर ढकललंस की रात्रीतून परत लाली येते, आणि हाताचे ठसे पण उठतात म्हणून मोजे घाल.

प्रायमर एच (etch) प्रायमर घे, पत्र्याला धरून बसतो तो. वॉटर पेपर ४०० नंबरने हलका हात. लांबी (पुट्टी) बिंबी भरू नकोस, तुला खड्डे हवेच आहेत.

---

ओहायोकर

धन्यवाद दादा. फटीचं लक्षातच आलं नव्हतं, नारिंगी पाणी नेमकं काठाच्या पट्टीखालूनच येतंय.

---

पस्तीसावा_हिस्सा

तो मिठाचा व्हिडिओ आमच्या जमातीचा, त्यामुळे माफी आम्हीच मागतो :) मीठ प्लास्टिकच्या मॉडेलसाठी आहे, प्लास्टिक गंजत नाही. १:३५च्या रणगाड्यावर चंदेरी कड मारतो तीही एक लबाडी आहे, वस्तू इतकी छोटी की उजेड तिच्यावर खऱ्यासारखा पडत नाही म्हणून आम्ही रंगाने पाडतो. तुझं हेल्मेट पूर्ण आकाराचं आहे, त्याला खरा उजेड मिळतोय, तिथे चंदेरी म्हणजे गणपतीचा मुकुट दिसणार.

आमच्यातलं एक मात्र चालेल, हेअरस्प्रेचं. खालचा थर पक्का सुकू दे, त्यावर साधा हेअरस्प्रे, त्यावर पाण्याच्या ॲक्रिलिकचा वरचा थर, अर्ध्या तासाने ओल्या ब्रशने घासायचं. वरचा रंग टवक्यांनी निघतो आणि खालचा दिसतो. दोन रंगांचे थर दाखवायचे असतील तर ह्याच्याइतकं सोपं काही नाही.

---

लीड्सवाली

अरे वा, माझ्या विषयावर कोणी मराठीत बोलतंय हे पहिल्यांदाच बघतेय!

मी स्वतः मैदानात उतरत नाही पण आमच्या सहा जणांच्या गटाची हेल्मेटं मीच रंगवते. आम्ही इटलीतले भारतीय सैनिक करतो, त्यातले दोन जण मराठा लाइट इन्फंट्री. इकडे लोक येऊन विचारतात की भारतीय इटलीत काय करत होते, मग बसा सांगत. ४थी, ८वी आणि १०वी, तीन भारतीय डिव्हिजन होत्या तिकडे.

आता तुझ्या सार्जंटचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. नव्वद टक्के लोक इथेच चुकतात. आपण म्युझियममधलं, ईबेवरचं हेल्मेट बघतो आणि त्याची नक्कल करतो. पण तो गंज, ते उडालेले पोपडे नंतरच्या ऐंशी वर्षांनी केलेत, गोठ्यात, तळघरात, पोरांच्या खेळात. तुझी २९वी डिव्हिजन ऑक्टोबर १९४२ला इंग्लंडात आली आणि लँडिंगपर्यंत इथेच, नंतर तर डेव्हन-कॉर्नवॉलच्या पावसात, सराव करत होती. म्हणजे हेल्मेट फार तर दीड-पावणेदोन वर्षं वापरलेलं, तेही वर इन्स्पेक्शन होणारं. गंजलेलं हेल्मेट घेऊन उभा राहिला असता तर सार्जंटने तेव्हाही शिव्याच घातल्या असत्या.

म्हणून मी आधी रंग हातात घेत नाही, आधी माणूस ठरवते. तो डावखुरा आहे का, ड्रायव्हर आहे का, बंदूक कुठल्या खांद्यावर. मग हेल्मेट घासतं कुठे ते आपोआप कळतं.

एम१चं सांगते. ते लोक काढताना पुढच्या काठाला अंगठा आणि दोन बोटं लावतात, तिथला रंग आधी गुळगुळीत होतो मग जातो. जमिनीवर बऱ्याचदा उपडं न ठेवता उताणं ठेवतात, दाढीचं पाणी घ्यायला म्हणा, त्यामुळे डोक्याचा घुमट घासतो. आणि मागचा काठ! बरेच जण हनुवटीचा पट्टा बांधतच नसत, स्फोटाच्या धक्क्याने पट्ट्यासकट मान जाईल अशी भीती होती, म्हणून पट्टा मागे काठावर अडकवून टाकायचे. मग त्याचं बक्कल दिवसभर मागच्या काठावर टकटक आपटत राहणार. तिथे बारीक बारीक आडवे ओरखडे येतात. हे नवखे कधीच दाखवत नाहीत. बाजूला, कानाच्या वर, फारसं काहीच होत नाही आणि लोक नेमके तिथेच सँड पेपर मारत बसतात.

आणि चंदेरी का नाही त्याचं अजून एक कारण. एम१ आणि ब्रिटिशांचं पसरट मार्क २ हेल्मेट दोन्ही मँगनीज स्टीलची, हॅडफिल्ड स्टील म्हणतात. ते उघडं पडलं की चकचकत नाही, काळपट करडं आणि मग तपकिरी दिसतं. गंमत म्हणजे त्याला लोहचुंबक चिकटत नाही. बाजारात जाताना माझ्या खिशात फ्रीजवरचा गणपतीचा मॅग्नेट असतो, हेल्मेटला लावला आणि चिकटला तर साध्या पत्र्याची नक्कल. बाप्पा खोटं बोलत नाही. (जर्मन हेल्मेटला ही परीक्षा चालत नाही, ते वेगळं स्टील, चिकटतं.)

---

शंकासुर

वाचतोय, माहिती छान आहे, पण एक विचारू? साठ लाख ज्यू मारले गेले, बंगालात लोक भुकेने मेले त्या युद्धाचा शनिवार-रविवार 'खेळ' करायचा आणि हेल्मेटवर ओरखडे कुठे यावेत ह्यावर चर्चा, हे जरा विचित्र नाही वाटत? आणि जर्मन कोण होतं तुमच्यात? हौसेने?

---

ओहायोकर

शंकासुर, विचित्र वाटतं. मलाही पहिल्या वेळी वाटलं होतं. जर्मन बाजूनेही लोक असतात, त्याशिवाय लँडिंग कसलं. त्यांच्यावर आयोजकांची नजर असते, मैदानाबाहेर त्या गणवेशात मिरवायचं नाही वगैरे. एकदा एक म्हातारे गृहस्थ व्हीलचेअरवर आले होते, त्यांनी माझ्या हेल्मेटकडे बोट केलं आणि फक्त म्हणाले, जड होतं. ह्यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

---

लीड्सवाली

मी जर्मन हेल्मेट रंगवून देत नाही, दोघांनी विचारलं होतं. पण ज्यांना करायचंच आहे त्यांनी निदान इतिहास तरी बरोबर करावा. बाजूच्या काळ्या-पांढऱ्या-लाल ढालीचं चिन्ह १९४०लाच काढायचा हुकूम झाला होता आणि गरुडाचं १९४३ला बंद झालं. तरी १९४४च्या मैदानात लोक दोन्ही बाजूंना चकचकीत स्टिकर लावून येतात. म्हणजे त्यांना इतिहास नको असतो, स्टिकर हवा असतो. आणि जर्मनीत स्वस्तिक चिन्ह असं मिरवणं कायद्याने गुन्हा आहे हेही लक्षात असू द्या, इकडून तिकडे प्रवास करणाऱ्यांनी.

असो. मूळ विषयावर या.

---

ओहायोकर

अपडेट. सगळा रंग काढला, दादांनी सांगितलं तसं ॲसिड, ड्रायर, एच प्रायमर एकाच दिवशी. आता खरबरीतपणाचा प्रश्न. मूळ एम१च्या रंगात बुचाची भुकटी असायची, उजेडात चकाकू नये म्हणून. मी वाइनच्या बाटल्यांची बुचं मिक्सरमध्ये फिरवली. मिक्सरच्या भांड्याचं पातं गेलं आणि घरात दुसरं महायुद्ध ह्या शब्दावर तूर्त बंदी आहे. भुकटीही कुठे जाड कुठे बारीक.

---

लीड्सवाली

हाहा. बूच मिक्सरमध्ये नाही रे, खवणीवर! जायफळाची छोटी खवणी असते ना ती, आणि मग चहाच्या गाळणीतून गाळायचं. गाळणी नवीन घे, घरातली नको.

कसं करायचं ते नीट लिहिते. हेल्मेट एका उंच डब्यावर उपडं ठेव, म्हणजे सगळीकडून फिरता येईल. पहिला हात ऑलिव्ह ड्रॅबचा जरा ओला मार, ओघळ येणार नाही इतपत. लगेच, म्हणजे खरंच लगेच, गाळणी हातभर वरून हलवत भुकटी टाक. जवळून टाकलीस तर ढीग पडतात. रांगोळी घालताना चिमूट उंच धरतो तसं. बाजूंना चिकटत नाही म्हणून हेल्मेट तिरकं करून प्रत्येक बाजू वेगळी कर. दहा मिनिटांनी उलटं करून दोन टिचक्या मार, जास्तीची पडते. २४ तास हात लावू नकोस. मग दुसरा हात, पातळ, भुकटी रंगात गाडली जाईल पण बुजणार नाही असा. बोट फिरवल्यावर मांजराची जीभ लागते तसं लागलं पाहिजे.

आमच्या मार्क २ला मी बुचाऐवजी बारीक वाळू किंवा लाकडाचा भुसा वापरते, ब्रिटिश रंगात तसंच असायचं.

मग झीज. ०००० नंबरची स्टील वूल, आणि हात कमी. भुकटीची टोकं आधी घासतात, खड्ड्यात रंग तसाच राहतो, हाच खरा 'वापर' दिसतो, चिप वगैरे नंतर. जिथे धातू दाखवायचाय तिथे सुईच्या टोकाएवढे ठिपके, तेही काळपट तपकिरी रंगाने, बर्न्ट अंबर तेलरंग थोडा टर्पेंटाइनमध्ये. त्यातलंच पातळ पाणी करून काठाच्या फटीत आणि पट्ट्याच्या कडीभोवती सोडायचं आणि पुसायचं.

धुळीसाठी... मुलतानी माती. हसू नका. सिनेमावाले कपडे मळके करायला जी पावडर वापरतात ती हीच जातकुळी. आईने भारतातून फेसपॅकसाठी पाठवलेली अर्धा किलो माझी सगळी इटलीच्या आघाडीवर खर्च झाली. कोरडी ब्रशने लावायची, फुंकर मारायची, राहील ती राहील.

---

माणगावकर

ताई आणि सगळे, जरा आमच्याकडे पण बघा. आमच्या मंडळाचा यंदा जिवंत देखावा आहे, नाईक (लष्करातला हुद्दा) यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेले. आमच्याच तालुक्यातले, पुतळा आहे माणगावात. १० जुलै १९४४, इटलीतली अप्पर टायबर व्हॅली, मशीनगनच्या माऱ्यात सगळे साथी मेले नाहीतर जखमी झाले तरी हा बावीस वर्षांचा माणूस एकटा चालून गेला, आधी ग्रेनेड, मग टॉमीगन, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तर शेवटच्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं आणि मग स्वतः स्नायपरच्या गोळीने गेले. मृतदेह मिळाला नाही, नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर आहे.

तर हेल्मेटं १२ हवीत. मुंबईच्या एका ड्रेपरीवाल्याने फायबरची दिली ती अमेरिकन निघाली, वर चकचकीत हिरवी, खेळण्यातल्यासारखी. वर म्हणतो हेल्मेट हेल्मेट असतं, कोण बघतंय. परत घेत नाही. आता दुसरी कुठून आणायची आणि कशी रंगवायची, बजेट १५०० रुपये एकूण. पोरं चिडलीयत कारण त्यांना ती 'घमेल्यासारखी' हेल्मेटं आवडत नाहीत.

---

लीड्सवाली

घमेल्यासारखंच असतं ते, आणि तेच बरोबर आहे! ब्रॉडी नावाच्या माणसाने १९१५ला काढलेल्या आकाराचंच पुढचं रूप मार्क २. पोरांना सांगा घाडगेंनी तेच घातलेलं.

---

डेन्टिंगपेंटिंग

माणगावकर, १५०० मध्ये १२ होतील, पण विकत घेऊ नका. पसरट ॲल्युमिनियमचं नाहीतर प्लास्टिकचं एक भांडं घ्या आकाराला जवळचं, त्यावर पेपर आणि खळ, सात-आठ थर, मखराला करता तसं. एकच साचा, बारा वेळा. काठाला बारीक सुतळी चिकटवा, गोल कड दिसते. वर पातळ फेव्हिकॉल मारून चाळलेली वाळू, त्यावर डिस्टेंपर. मॅटच हवा, ऑइल पेंट नको, लाइटमध्ये चमकेल. आतून स्पंज चिकटवा नाहीतर पहिल्याच आरतीला पोरांची कपाळं सोलतील.

---

लीड्सवाली

दादा, भारीच. आणि माणगावकर, अर्ध्या हेल्मेटांवर जुनं मासे पकडायचं जाळं ताणून बसवा आणि त्यात गोणपाटाच्या बोटभर पट्ट्या ओवा, हिरव्या-तपकिरी रंगवून. तेव्हाही तेच करायचे, हेल्मेटची गोल रेघ मोडावी म्हणून. जाळं बसवलं की खालची रंगाची चूकही झाकली जाते, हे आपल्यातलं. जुलै महिना आहे म्हणजे धूळ भरपूर, मुलतानी माती किराणा दुकानात मिळेल. रक्त मात्र कमी लावा प्लीज.

आमच्या एका मार्क २वर मी दोन थर केलेत, खाली वाळूचा पिवळट आणि वर गडद हिरवा-तपकिरी, कारण आमचा तो शिपाई आधी वाळवंटात होता आणि मग इटलीत आला. हेअरस्प्रेने वरचा थर काठाला थोडा उडवला की खालचं वाळवंट दिसतं. लोक जवळ येऊन विचारतात हे पिवळं काय, की झाली आमची गोष्ट सुरू.

---

पस्तीसावा_हिस्सा

मस्त! एक सावधगिरी राहिली. कोणाकडे खरं जुनं हेल्मेट असेल तर त्याला सँड पेपर लावू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, ती धूळ छातीत जाते. आणि मूळ रंग एकदा घालवला की गेला.

---

गोठ्यातून

सगळा धागा वाचून काढला, सातारा जिल्हा. आमच्याकडे एक पसरट लोखंडी टोप आहे, आजोबा लष्करात होते, त्यांनी आणलेला म्हणतात. ते गेले तेव्हा मी चार वर्षांचा, त्यामुळे विचारायला कोणी नाही. गेली चाळीस वर्षं कोंबड्यांना त्यात पाणी ठेवतात. आम्ही त्याला टोपच म्हणतो. घमेल्यासारखं म्हणालात म्हणून एकदम डोक्यात आलं. उद्या गावी जातोय, बघतो.

---

लीड्सवाली

!!! लोहचुंबक घेऊन जा. आणि काठाच्या आतल्या बाजूला, पट्ट्याची कडी असते त्याच्या जवळपास, बनवणाऱ्याची अक्षरं आणि साल ठोकलेलं असतं ते बघा. पण आधीच आशा लावू नका, हाच आकार आपल्या सैन्यात स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं चालला.

---

ओहायोकर

तोवर माझं झालं. पुढच्या काठाला अंगठ्याची जागा, घुमटावर थोडी झीज, मागे बक्कलचे ओरखडे, ते रंगवले नाहीत, सरळ पट्टा मागे अडकवून आठ दिवस घरात घालून फिरलो. भांडी पण तसाच घासली. समोर २९व्या डिव्हिजनचं निळं-करडं गोल चिन्ह, हाताने. सार्जंटला फोटो पाठवला, त्याचं उत्तर एका शब्दाचं आलं, बेटर. हा माणूस ह्यापुढे जात नाही, म्हणजे पास.

---

गोठ्यातून

गावाहून लिहितोय, रेंज नाही नीट.

चुंबक चिकटलं नाही. स्पीकरमधला मोठा काढून नेला होता, तीन ठिकाणी लावला, सरळ खाली पडला. खात्री करायला शेजारच्या खऱ्या घमेल्याला लावला तर ओढून काढावा लागला.

साल आहे. १, ९, ४ दिसतंय, शेवटचा आकडा गंजात गेलाय. आतला चामड्याचा भाग काहीच उरला नाही. बाहेर रंग फक्त एका बाजूला आहे, भिंतीकडची बाजू, पाऊस न लागणारी. तिथे हात फिरवला तर ताई म्हणतात तसंच, मांजराच्या जिभेसारखं. आणि पुढचा काठ एका जागी गुळगुळीत आहे, साधारण अंगठ्याएवढा. ते आजोबांचं की कोंबड्यांचं पाणी ओतताना आजीचं, कोण सांगणार.

मी फोटो काढायला मोबाईल आणायला आत गेलो तेवढ्यात आई पाहुण्यांना दाखवायचंय म्हणून राख आणि काथ्या घेऊन घासायला बसली होती.

---

लीड्सवाली

थांबवलंत ना???

---

गोठ्यातून

थांबवलं. थोडंसं एका बाजूला घासलंय, रंग नाही गेला. आई म्हणतेय मग कोंबड्यांना पाणी कशात ठेवू.